पाणंदीतली तिसरी हाक

ऐका. झोप उडायला माणसाला शंभर कारणं असतात, पण मैथिलीला एकच होतं. तिची लेक झोपेत चालायची.

मैथिली म्हणजे खारवाडीतली धाकटी सून. बी.एस्सी. झालेली. नवरा बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. घरात ती, सासू आणि सहा वर्षांची रेवा. रेवा निजायची खाटेवर, सकाळी सापडायची खाटेखाली. एकदा तर देवघरासमोर उभी, डोळे मिटलेले, आणि देवाला म्हणतेय, "फुगा दे!"

मैथिलीनं मोबाइलवर सगळं वाचून काढलं. पोर मोठी झाली की थांबतं म्हणे. तरी हिचा जीव थाऱ्यावर नाही. "माझंच काहीतरी चुकत असणार," म्हणायची.

सासू म्हणाली, "तुझं काय चुकायचंय? दिवसा धावून उरलेलं रात्री चालते पोर. तू नीज आधी. डोळे बघ कसे खोल गेलेत!"

"पण आत्या, दार उघडून बाहेर गेली तर?"

"मेले, तूच आधी पडशील कुठंतरी."

त्या रात्री मैथिलीचा डोळा लागला. आणि बघते तर काय! अंथरूण रिकामं. दार सताड उघडं. अंगणाच्या टोकाला पांढरा फ्रॉक. रेवा चालली पाणंदीकडं! ती पाणंद ठाऊक आहे ना? दोन्ही बाजूंना दगडी गडगे, वर झाडांचा काळोख, आणि शेवटी बिनकठड्याची विहीर.

निघाली मैथिली. ना चप्पल, ना बॅटरी. "रेवा! ए रेवा!" पोर थांबेना. ही चालली की ती चाले. ही धावली की ती धावे. डावीकडं रातांब्याचं झाड आलं. गेलं. वळण आलं. परत तेच झाड! परत वळण. परत तेच झाड, पण आता उजवीकडं!

ओळखलंत ना कोण ते? चकवा! माणसाला गोल गोल फिरवून दमवणारा. बी.एस्सी.च्या पुस्तकात नसतो तो, म्हणून मैथिली त्याला हसायची. दिवसा हसायची, बरं का.

मग ती पोर थांबली. वळली. हसली. हसू अगदी रेवाचं, पुढचा दात पडलेलं. हात पुढं केला. "आई, ये ना. इथं गार गार आहे."

विरघळली हो मैथिली! कुठली आई थांबेल? टाकलं पाऊल.

तेवढ्यात पाठीमागून, "आई!"

तोच आवाज! पुढंही रेवा, मागंही रेवा. आता खरी कुठली? आणि आपली रीत काय? रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मैथिली शहाणी, तिनं मान वळवली नाही. शहाणपण नडतं ते असं!

"आई!"

दुसरी हाक. पाय अडखळला. पुढचा हात म्हणतो, ये. काळीज म्हणतं, थांब. दोनदा हाकारणारं भूतही असेल एखादं, कुणी सांगावं? पुन्हा पाय उचलला.

"आई गं!" आणि मागून गाऊन ओढला गेला.

तिसरी हाक! भुताला तिसरी जमत नाही. मैथिली वळली आणि तिचे डोळे उघडले. आत्ता उघडले हो! तोवर ती झोपेतच होती. झोपेत उठली, झोपेत कडी काढली, झोपेत सगळी पाणंद चालली. आणि आता पायाच्या बोटांखाली विहिरीची कड! एक दगड सुटला... डुबुक!

मागं गाऊन मुठीत धरून खरी रेवा. टक्क जागी. कडी वाजली तशी उठली आणि आईमागं आली. आजीनं पढवलेलं होतं, तीनदा हाकारलं की माणूस ओळखू येतो.

स्वप्न म्हणा, चकवा म्हणा. पण बाबांनो, अंधारात त्या पाणंदीला पाय लावू नका. लावलातच, तर पुढं दिसेल त्याच्या मागं जाऊ नका, मागून कोण हाकारतंय ते ऐका.

मैथिली मटकन खाली बसली. पोरीला कवटाळून ढसाढसा रडली. "अगं, एवढ्या काळोखातून एकटी आलीस? भीती नाही वाटली तुला?"

रेवानं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही आईला एवढं साधंही कळत नाही. म्हणाली,

"एकटी कुठं? तू होतीस की पुढं."