पेडलवरची वीट

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत होते.

"दादा, आईनं बोलणं कधी टाकलं?"

"मी पियानोच्या पेडलवरची वीट काढली तेव्हा."

"वीट कसली?"

"आपला धाकटा भाऊ सोन्या वारला, तेव्हा तिनंच ठेवलेली. पेडल दाबलेलं राहिलं की तारांचा आवाज दाबणाऱ्या गाद्या उचललेल्या राहतात. समोर ओरडलं की मोकळ्या तारा थरथरतात, तोच सूर परत येतो. ती 'सोन्याऽ' म्हणायची, आतून 'आऽ' यायचं."

"मग काढलीस कशाला?"

"अगं, ती त्याच्याशी तासन्‌तास बोलायची! म्हटलं, आई, हे नुसतं शास्त्र आहे."

"आणि?"

"तिनं पुन्हा हाक मारली. पियानो गप्प. मग म्हणाली, 'दाराला कडी लाव. आता कुणी यायचं राहिलं नाही.'"