बोट दाबलं की गातो

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा होते. आजोबांच्या हातात घरी बनवलेल्या सिंथेसायझरचा, म्हणजे सूर काढणाऱ्या वाद्याचा बोर्ड होता.

"सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले, तरी मुका तो मुकाच."

"मुका कुठला? मी बोट दाबलं की छान गातो."

"अगं, बोर्डाला चीर गेलीय. तू दाबलंस की टोकं टेकतात. आज ती टोकं जोडायला तार नेतो, म्हणजे तुझी सुटका."

"सुटका मागितली कोणी?"

"रोज दाबून बोट दुखतं म्हणालीस ना?"

"दुखतं म्हणाले. कंटाळले म्हणाले का?"

आमची रांग पुढे सरकली.

"बोला काका, काय देऊ?"

"दाबायचं एक बटण द्या. जरा मऊ बघा, हिच्या बोटाला लागायला नको."