पहिली पसंती

…आणि वर तो बेकरीवाला केक घेऊन आला, माझ्याच घरी! आता त्याला तरी काय म्हणणार? मुलाला हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली, तर बापानं केक न्यायचा कुणाकडे? ज्याच्या सल्ल्यानं मिळाली त्याच्याकडे. म्हणजे माझ्याकडे. सगळं तुमच्यामुळं झालं, म्हणाला. मी म्हटलं, हो. खरंच होतं ते. पण दार उघडलं माझ्या मुलीनं, केक हातात घेतला तिनं, कापला तिनं, आणि पहिला तुकडा त्यालाच दिला, वर बशीला कागदी रुमाल लावून… आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

थांबा, असं नाही कळायचं. मुळापासून सांगतो.

मी छापखान्यात बाइंडर. सव्वीस वर्षं पुस्तकं शिवतोय आणि चिकटवतोय. शिक्षण विचारू नका, बारावीला गणितानं मला सोडलं आणि मी गणिताला. पण कॉलेजप्रवेशाची माहितीपुस्तिका दर वर्षी बांधायला आमच्याकडे येते. तिच्या शेवटी एक तक्ता असतो, कुठल्या कॉलेजची यादी गेल्या साली कितव्या क्रमांकाला बंद झाली त्याचा. पानं उलटी लागलेल्या, कडा तिरप्या कापलेल्या प्रती रद्दीत जायच्या, त्यातली एक मी घरी आणायचो आणि वहीत उतरवायचो. कॉलेज, साल, क्रमांक, जागा किती, पेपर सोपा होता की अवघड. सतरा वर्षं. बायको म्हणायची, अहो, लोक पत्ते खेळतात, नाहीतर शेजाऱ्यांशी भांडतात, तुम्ही हे काय लावलंय? पण तुम्हाला सांगतो, हळूहळू लोकच यायला लागले. गॅरेजवाला आला, शिवणक्लासवाल्या बाई आल्या, मागच्या गल्लीतले डॉक्टरसुद्धा आले, टोपी कपाळापर्यंत ओढून, बाइंडरला विचारायला आलो हे कुणाला दिसू नये म्हणून. मी मुलाचा क्रमांक विचारायचो, वहीवरून बोट फिरवायचो आणि सांगायचो, दहात सात. दहात चार. दहात शून्य, बाळा, दुसरं काहीतरी बघ. आया रडायच्या, मी पाणी द्यायचो, आकडा बदलायचो नाही.

आणि एक गोष्ट प्रत्येकाला बजावून सांगायचो. फॉर्मात कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची असतात. वरचं नाही मिळालं तर खालचं बघतात, पण एकदा एक मिळालं की त्याच्या खालची सगळी रद्द, मग बदल नाही. म्हणून जे मनापासून हवंय ते सगळ्यात वर लिहायचं. आशा दहात एक असली तरी वर. वर लिहून काही जात नाही, खालचं काही पळून जात नाही. कमीत कमी दोनशे घरांना मी हे सांगितलं असेल. माझी लेक त्याच खोलीत कोपऱ्यात बसून अभ्यास करायची. आठ वर्षांची असताना माझा चष्मा नाकावर लावून बाहुलीला सांगायची, "दहात शून्य, बाळा." काय हसायचो आम्ही.

तर ही लेक. छापखान्यातून मी पुठ्ठ्याची कात्रणं आणायचो, त्यांची ती घरं करायची. पूल करायची. जिना असा करायची की मुंगी चढून जाईल. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, आणि तेही एकाच कॉलेजात, जिथं जागा चाळीस. तिचा क्रमांक आला दोनशे एकतीस. मी वही उघडली. सतरा वर्षांत ते कॉलेज दोनशे पंधराच्या पुढं कधी गेलं नव्हतं. दहात एक, तीही ओढूनताणून. त्याच आठवड्यात बेकरीवाल्याचा मुलगा आला, क्रमांक दोनशे छत्तीस, कॉलेज तेच. त्याला म्हटलं, दहात एकसुद्धा नाही रे, पण वर लिही, काय जातंय? बरोबर सांगितलं ना? मग यात माझं काय चुकलं?

मुलीचा फॉर्म मी भरला. अक्षर चांगलं आहे माझं. आणि पहिल्या ओळीत लिहिलं घराजवळचं कॉलेज, जे तिला हमखास मिळणार होतं. तिचं ते दुसऱ्या ओळीत.

असे बघू नका. मला नियम माहीत होता, मीच तर सांगत फिरायचो. पण तुम्ही ते चेहरे बघितले नाहीत. निकालाची चिठ्ठी घेऊन मुलं माझ्याकडे यायची, तिच्यावर छापलेलं असायचं, 'पहिली पसंती मिळाली नाही.' पुढे दुसरी मिळाली असं असायचं हो, पण तिथवर कुणी वाचायचंच नाही. सतरा वर्षं मी ते चेहरे बघितले, पाणी दिलं, आणि माझ्या मुलीचा तसा चेहरा बघायची वेळ आली तेव्हा… नाही झालं माझ्याच्यानं. वाटलं, तिच्या चिठ्ठीवर 'मिळाली' असावं. एवढंच.

सही करताना ती बोटानं एकेक ओळ वाचत गेली. म्हणजे सुरुवात केली. बोट पहिल्या ओळीवरच थांबलं.

"बाबा, हे बरोबर आहे?"

म्हटलं, सतरा वर्षं बघतोय मी. तिनं सही केली.

यादी लागली. वरच्या नंबरातली बरीच मुलं यंदा दुसरीकडे गेली म्हणे. कॉलेज बंद झालं दोनशे अडतीसला. वहीत नसलेला आकडा. बेकरीवाल्याचा मुलगा आत. आणि आमची चिठ्ठी तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली, "पहिली पसंती मिळाली, बाबा. अभिनंदन लिहिलंय." टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता हो.

केकच्या बशा विसळताना मी तिला विचारलं, अगं, तुला तर सगळं पाठ होतं, मग सही का केलीस? नळ बंद करून म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना म्हणता, दहात एक असलं तरी वर लिहा. मला नाही म्हणालात. वाटलं, माझ्यात तेवढंही नसेल."

आता सांगा ना, काय चुकलं माझं. वही काढून दाखवू? दहात एक होतं, लिहिलंय तिथं. तिला दाखवली, तर म्हणाली, असू दे बाबा, जवळचं कॉलेज आहे, डबा गरम राहील.

काल स्टेशनरीवाल्या काकू भाच्याला घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत. आता कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. दार लेकीनं उघडलं. काकूंनी विचारलं, बाबा सांगतील ना गं नीट?

"सांगतील की. त्यांचा सल्ला चुकत नाही," लेक म्हणाली. "तुम्ही त्यांच्या नात्यातले नाही ना? मग खुशाल विचारा."