काढून टाका

माहा जन्म दारव्ह्याचा. बाप फोटोवाला होता म्हणून मी फोटोवाला झालो, त्यात माही अक्कल काही नाही. बापानं दोनच गोष्टी शिकवल्या, गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मान सरळ कर अन् हसू नको म्हणून सांग. म्हणून तर आमच्या गावातले लोकं पासपोर्ट साइज फोटोत पोलिसानं धरून आणल्यासारखे दिसतात, ती माही कला होय. पण कोनाले विचारून फोटो काढाचा असते हे मले पंचावन्न वर्षं माहीत नव्हतं. इथं लग्नात कॅमेरा दिसला का लोकं हातातली पत्रावळ खाली ठेवून उभे राह्यतात, विचारता कोनाले?

मागच्या साली मी अन् बायको लेकीकडं जर्मनीले गेलतो. निघाच्या आधीच प्रणिताचा फोन. बाबा, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगमध्ये घ्या, सामानात टाकू नका. विमानतळावर तपासणीच्या जागी फोटो नाही. चर्चमध्ये फ्लॅश नाही. अन् लोकायच्या लेकरायचे फोटो तर बिलकूल नाही. काय सांगू तुम्हाला, असा राग आला! जिच्या बारशाचा फोटो मी काढला ती मले फोटो काढणं शिकवून राह्यली. मी म्हटलं, हो बाई, अन् बटण कोण्या बोटानं दाबू तेही सांग.

तर तिथं एक दिवस सकाळी माही नात सई पह्यल्यांदा चालली. सोफ्यापासून थेट आजीपर्यंत, चार पावलं. मी पटापट फोटो घेतले. बायको म्हणे, अवो, हे कॉम्प्युटरवर चढवून ठेवा. मी म्हटलं, तीस वर्षापासून फोटोवाला आहो मी, मले सांगू नको.

दुपारी आम्ही सगळे बागेत गेलो. तिथं रेतीत एक पोट्टं बसलेलं, सोनेरी केस, नाकाले रेती. मी फोटो घेतला. मान वाकडी आली. मग काय, हात आपोआप गेला, हनुवटी धरली अन् मान सरळ केली. तिकडून त्याची माय वरडतच आली. मले काय समजते तिची भाषा? झुल्यापासून प्रणिता ओरडली, बाबा, काढून टाका तो फोटो! आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं काढून टाका म्हणजे काय? काम उरकून टाका! मले वाटलं, लेकीनं त्या बाईले राजी केलं. मी अजून दोन काढले, अन् त्या बाईलेही मधात घेतलं.

मग जे झालं ते सांगाची सोय नाही. प्रणिता धावत आली, माफी मागून मागून तिचं तोंड वाळलं, अन् माह्या हातातून कॅमेरा घेऊन घाबरून तिनं अख्खं कार्डच पुसलं. सईची चार पावलंही गेली.

मी भडकलो. डिलीट करा असं सांगाले काय झालं होतं तुले? ती रडत म्हणे, तुम्हीच तर घरात मराठीच बोला म्हणता. अन् मी, माहा कारभार ऐका, पुसलेले फोटो परत आणता येतात हे मले माहीत, फक्त त्या कार्डावर नवीन काही काढाचं नसते. पण रागाच्या भरात तळ्याच्या काठी जाऊन बसलो अन् बदकायचे दोन-तीनशे फोटो काढले. कार्ड भरेपर्यंत. नातीच्या पावलांवर मी बदकं चढवली. बायको म्हणे, दुसऱ्याच्या लेकराची हनुवटी धराले गेले अन् आपल्या लेकराचे पाय गमावून बसले. दोन दिवस मी कोनाशी बोललो नाही. तेवढेच दोन दिवस घरात शांतता होती म्हणे.

आता इथं व्हिसाचा फोटो काढाले कोनी आलं का चार गोष्टी सांगितल्याबिगर मी त्याले सोडत नाही. आधी विचार, मंग काढ. नाही म्हटलं तर नाही, हसून पुढं हो. लेकराले हात लावू नको. अन् रोज संध्याकाळी फोटो दुसरीकडं उतरवून ठेव. लोकं म्हणतात, काका, फोटो काढा अन् जाऊ द्या. जाऊ द्या म्हणे! काहून जाऊ देऊ? मी गमावून बसलो, तुम्ही कायले गमावता?

राग अजून गेला नाही. प्रणितावर नाही, ती बिचारी घाबरली होती. त्या बाईवरही नाही, तिचं लेकरू होतं. माह्या या हातावर आहे, अजूनही गिऱ्हाईक बसलं का हनुवटीकडं जाते. आता मांडीखाली दाबून ठेवतो.

परवा व्हिडिओ कॉलवर सई नवा फ्रॉक घालून धावून राह्यली होती. मी कॅमेरा उचलला, मंग थांबलो. विचारलं, सईबाई, फोटो घेऊ का? ती म्हणे, नाईन. मी म्हटलं, नऊ कायले, एकच घेतो. प्रणिता हसून हसून खाली बसली, बाबा, इकडच्या भाषेत नाईन म्हणजे नाही.

ठेवला मग कॅमेरा खाली. धाव बाई, म्हटलं, सुखी राह्य. मी नुसता पाह्यतो.