मुसळीची सरळ सरी

माहेर माझं अंजनगाव सुर्जीचं. फुलांचा अन् भाजीचा मळा होता आमचा, समजायले लागली तवापासून मी निंदाले बसली. माय सांगे, पात धरली, म्हणजे आपली ओळ, की मांगं आरसा रायला पाहिजे, जे पेरलं तेवढंच उभं, बाकी सारं उपटा. लग्नानंतर अकोल्यात, जठारपेठेत आली, तं तो हात तीस वर्षं रिकामाच होता.

मंग गल्लीतल्या वैद्य मॅडम शाळेतून रिटायर झाल्या. शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांनी रानफुलांसाठी जागा राखली होती, तिथं गाजरगवत माजलं, ते उपटाले दर रविवारी आमी दहा-बारा जण जात होतो. बाकीचे मास्तर नाईतर बँकवाले, हातमोजे घालून एक झाड उपटणार अन् दोन फोटो काढणार. मी उघड्या हातानं सपसप पुढं. त्याहिले म्हणायची, अशानं तुमचं वावर दिवाळीपर्यंत निंदून होत नाई. सारे हासत अन् मले लय बरं वाटे, काय सांगू तुमाले.

एका रविवारी मॅडम आल्या नाईत. मी पात धरली ते धरलीच. गाजरगवतात गवतासारखी लांब पानं होती, तीबी उपटली. मुळाशी पांढऱ्या, बोटाएवढ्या गाठी निघाल्या. हात मळ्यातला, हाताले समजलं का हे गवत नोहे. पण बाकीचे दहा पावलं मांगं होते, म्हणून मी थांबली नाई. खरं तेच आहे.

संध्याकाळी मॅडम टेकडीवर चक्कर मारून आल्या अन् त्यांचा फोन, शोभा, पांढऱ्या मुसळीचा ताटवा गेला गं, आठ दिवसांत फुलणार होता, कोणं उपटला असंन. मी म्हटलं, रानडुकरं आली असतीन, कंद खातेत ते. एवढं सोपं निघालं तोंडातून.

सोमवारी एकटी गेली, उपटलेल्या गवताच्या ढिगातून गाठी वेचल्या, परत मातीत लावल्या, कोणाले सांगितलं नाई. पुढच्या रविवारी साऱ्यांनी बाभळीचे काटे आणून कुंपण केलं, डुकरांसाठी. मीबी काटे वाहिले. एका म्हाताऱ्या बँकवाल्याच्या तळहातात काटा मोडला, तो मीच सुईनं काढला. तो म्हणे, ताई, तुमचा हात हलका आहे.

औंदा पांढरी फुलं आली. मॅडम मले दाखवाले घेऊन गेल्या. पाहतो तं काय, दोरी धरल्यासारखी सरळ सरी, वीत-वीत अंतर, वांगे लावावे तशी. मॅडमनं वाकून दोन झाडांमधलं अंतर वितीनं मोजलं. मंग म्हणाल्या, शोभा, डुक्कर सरीनं लावते का?

त्यांनी कोणाले सांगितलं नाई, रागावल्याबी नाईत. रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. कुंपण तसंच आहे.

अजून जातो मी रविवारी. साऱ्यांच्या मांगं बसतो, पान हातात धरून आधी विचारतो. नवीन पोरी येतेत, म्हणतेत, पाहा ना काकू, आपोआप कसं रांगेत उगवलं. मी खाली मान घालून गाजरगवत उपटून राहतो. फुलू दे बापा, दरसाल फुलू दे, मले दिसू दे.