तिसरा बाण

हॅलो?… हो, काकाच बोलतोय. दुसरं कोण उचलणार?… चित्र? कसलं चित्र?… बरं, तुमच्या पंख्यांच्या कारखान्याचं. चौकोन, बाण… हं. गिऱ्हाईक बिघडलेला पंखा घेऊन येतं, तिथून बाण. पुढे?… परतीचं टेबल. अगं, माझंच की ते! तीस वर्षं बसलो तिथं.

हो, हो… अगं ऐक ना. टोकावर उभा केलेला चौकोन म्हणजे निर्णय, कळलं. त्यातून दोनच बाण? 'पंखा बदलून द्या' आणि 'देऊ नका'… आणि मी कशावरून ठरवायचो, ते तुला एका ओळीत हवंय!

सांगतो. एकदा एक गृहस्थ पंखा डोक्यावर घेऊन निघाले. वारा असा सुटला की पाती गरगरली आणि गृहस्थ पुलावरून तरंगत थेट माझ्या खिडकीत! म्हटलं, पंखा ठणठणीत आहे, तुम्हीच जरा… बरं, बरं. थापा नकोत. एवढी घाई कसली?… चारला साहेबांची सही. आणि ओळ नाही मिळाली तर?… टेबल रद्द. कॉम्प्युटर ठरवणार. मग माझ्या जागी बसते ती ताई?… घरी. हं. मीच शिकवलंय तिला.

लिही मग. गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं… नाही गं, ही थाप नाही! खोटा माणूस ग्लास संपायच्या आत आपणहून बोलतो, 'पडला होता हो हातातून.' खरा नुसता घड्याळ बघतो. तू तिसरा बाण घाल. 'थोडं थांबा.' फिरून त्याच टेबलाकडे… कॉम्प्युटरला चालत नाही? मग त्याला सांग… काय झालं? आवाज का असा?… काही नाही? बरं. थांब, मी जरा पाणी पितो.

…

…हं.

…आहे, आहे. ऐकतोय.

सकाळीच चित्र पाठवलंस साहेबांकडे? टेबल खोडून?… आणि मला आत्ता विचारतेस!

नाही, रागावलो नाही. जो आपणहून सांगायचा, त्याला, खोटा असला तरी, मी पंखा बदलूनच द्यायचो. ताईलाही तेच शिकवलंय… वाजले किती?… वीस मिनिटं आहेत की. मागव परत ते चित्र. टेबल घाल, ताई घाल, तिसरा बाण घाल. साहेब विचारतील 'कशावरून?', तर आधी त्यांना पाणी दे, आणि मग तू अजिबात…

हॅलो?… हॅलो?

पळाली वाटतं. फोन तसाच टाकून.