दिव्याखालचा रंग

महायुद्ध संपल्यानंतरच्या दसऱ्याच्या सुमारास मी माहेरी निघाले होते. बोरघाटात आमची बस पाणी भरायला थांबली. शेजारी घाट उतरणारी, नव्याने रंगवलेली जुनी लष्करी लॉरी उभी होती आणि तिच्यामागे आणखी एक. पुढच्या लॉरीचा ड्रायव्हर येसाजी मागच्या दिव्याशी झटत होता आणि त्याची बायको जयवंता ब्रेकवर पाय ठेवून बसली होती.

“दाब गं!”

“दाबलाय. पेटला?”

“नाय. बल्ब चांगला हाय, तारंत करंट पन हाय.”

“मग तसंच जाऊ. खोपोली खालीच तर हाय.”

“या धुक्यात? मागनं सदू गाडी घेऊन येनार. मी ब्रेक मारला हे त्याला कळंल कसं? आदळंल की भाऊ माजा!”

“अवं, दसऱ्याला रंग दिलात, तो दिवा काडून खाली पन फासला का?”

“पूजेची गाडी, कोपरा कसा सोडनार?”

“मंग दिवा लोखंडाला टेकतोय कुटं? रंगावर बसलाय, करंट परत जाईल कसा? खरवडा तेवडं.”

“तुला कुनी शिकवलं गं?”

“तुमी मिस्त्रीशी बोलता, तवा मी काय झोपलेली असते?”

कोयत्याने पत्रा खरवडल्याचा आवाज आला.

“आता दाब.”

“दाबला.”

“पेटला! सदू, ए सदू, दिसतोय का रं?”

“दिसतोय दादा! वैनीला म्हनावं पाय काड, डोळे दिपले माजे!”

“तूच म्हन बाबा. मी कोन तिला सांगनारा?”